आईच्या ताटाचा हक्क

आमच्या घरांत बाळंतिणीला हरीरा, अळिवाचे लाडू, पायाचा शोरबा आवर्जून दिला जातो. कशासाठी, असे विचारले तर उत्तर तयार असते: दूध चांगले यावे म्हणून. या उत्तरामागचा हेतू चांगलाच आहे. पण ते पुरेसे आहे का, हा प्रश्न आम्हाला येथे मांडायचा आहे.

आधी विज्ञान काय सांगते ते पाहू. आईच्या दुधात लोह फार थोडे असते, लिटरमागे मिलिग्रॅमच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे. पण ते बाळाच्या अंगी चांगले लागते. जस्त पहिल्या आठवड्यांत लिटरला ३ ते ४ मिलिग्रॅम असते आणि सहाव्या महिन्यापर्यंत १ च्या आसपास उतरते. नवल असे, की लोह, जस्त आणि तांबे यांचे दुधातले प्रमाण आईच्या रोजच्या जेवणावर फारसे अवलंबून नसते. आईच्या अंगात रक्त कमी असले तरी दुधातले लोह बहुधा तेवढेच राहते, आणि तिने लोहाच्या गोळ्या घेतल्या म्हणून ते वाढतही नाही. कॅल्शियम तर तिच्या हाडांतूनही काढून घेतले जाते. दूध तोडल्यावर ही झीज बहुतेक भरून येते, पण तोवर देणारी तीच असते.

आयोडीन आणि सेलेनियम यांचे मात्र उलट आहे. आईच्या खाण्यात ते कमी, तर दुधातही कमी. बाळाच्या मेंदूच्या वाढीला आयोडीन लागते, म्हणून जागतिक आरोग्य संघटना अंगावर पाजणाऱ्या स्त्रीला रोज २५० मायक्रोग्रॅम आयोडीन हवे असे सांगते. इतर मोठ्या माणसांना १५० पुरते. आपल्या देशात खाण्यासाठी आयोडीन नसलेले मीठ विकायला २००६ पासून बंदी आहे, त्यामागचे एक कारण हेही आहे.

म्हणजे निसर्ग कुठे बाळाला सांभाळून घेतो, कुठे घेत नाही. जिथे घेत नाही तिथे आमचे कर्तव्य उघड आहे. खरा पेच जिथे घेतो तिथे आहे. अशक्त आईच्या दुधातही बाळापुरते लोह उतरत असेल, तर तिच्या ताटात गोश्तचा तुकडा पडला काय अन् न पडला काय?

असे तोंडाने कोणी म्हणत नाही, पण वागणे बोलते. चिल्ला चाळीस दिवसांचा असतो आणि दूध पाजणे दोन वर्षांचे. एकेचाळिसाव्या दिवशी तीच बाई पुन्हा दस्तरखानावर सर्वांच्या शेवटी बसते आणि उरलेल्या रश्शाशी भाकरी खाते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी ५७ जणींत रक्त कमी आढळले. त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण २५ होते. पाळी आणि बाळंतपण ही कारणे आहेतच, पण ताटाला त्यातून वगळता येणार नाही.

कोणी म्हणेल, हा तर आईचा त्याग, यातच तिची थोरवी. आम्हाला हे पटत नाही. त्याग देणाऱ्याने करायचा असतो, घेणाऱ्याने परस्पर ठरवायचा नसतो. जे तिच्यापर्यंत पोहोचलेच नाही, ते तिने सोडले असे कसे म्हणावे?

सूरह बकराच्या २३३ व्या आयतीत दोन वर्षे दूध पाजण्याचा उल्लेख आहे, हे आम्हा सर्वांना ठाऊक आहे. त्याच आयतीत पाजणाऱ्या आईच्या अन्नवस्त्राची जबाबदारी बापावर टाकली आहे आणि मुलापायी आईला हानी पोहोचू नये असेही बजावले आहे, याची आठवण मात्र कमी वेळा निघते. ही आयत तलाकच्या नियमांच्या ओघात आली आहे. म्हणजे नाते तुटले तरी तिचे ताट तुटत नाही. रमजानात पाजणाऱ्या स्त्रीला रोजा पुढे ढकलण्याची जी सवलत आहे, तिच्यातही फकीहांनी बाळाच्या जीवाबरोबर तिच्या स्वतःच्या जीवाची काळजी मोजली आहे. बाळ ठीक असले म्हणून तिची भीती खोटी ठरत नाही.

म्हणून आम्हाला वाटते, बाळंतिणीला खाऊ घालण्याचे कारण बदलले पाहिजे. बाळंतपणानंतर १८० दिवस लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यातून मिळतात. त्यांनी दुधातले लोह वाढत नाही, पण आईचे रक्त भरून येते, आणि तेवढे कारण बस आहे. आमच्या वर्गांत बसलेल्या मुलींनाही उद्याच्या माता म्हणून नव्हे, आजची माणसे म्हणून पोटभर मिळाले पाहिजे. दूध आटले, मूल मोठे झाले, तरी आईचा ताटावरचा हक्क संपत नाही. कारण तो दुधामुळे आलेलाच नव्हता.