मोहाचं फूल आणि गांजाची पुडी

गेल्या पावसाळ्यात कर्जतमध्ये व्यसनमुक्तीवरचं एक व्याख्यान ऐकलं. वक्ते अनुभवी आणि कळकळीचे होते. पण दीड तासात त्यांनी एकच विधान तीनदा केलं: परदेशांनी गांजा खुला केला आणि त्या बातम्या मोबाइलवर वाचून आपली पोरं बिघडली. समोरची मुलं माना खाली घालून बसली होती. शेवटी मी उठून विचारलं, ‘आपला कायदा काय आहे, हे या मुलांना कोणी सांगितलंय का?’ उत्तर आलं, ‘तो सांगून काय करायचंय? त्या वाटेला जायचं नाही, एवढं कळलं की पुरे.’

एवढं पुरत नाही. का पुरत नाही, ते सांगण्यासाठी हा लेख आहे.

सभागृहाबाहेर चहाच्या टपरीवर त्याच मुलांशी बोललो. एकाच्या मते पुडी सापडली की दहा वर्षं आत. दुसरा म्हणाला, ‘सर, आता सुटलाय तो. युनोनेच यादीतून काढला.’ तिसऱ्याची खात्री होती की किलोच्या आत असेल तर पोलीस काही करू शकत नाहीत. चौथ्याला शिवरात्रीची भांग आणि गांजा एकच वाटत होते, म्हणून गांजाही चालत असणार, असा त्याचा हिशेब. चौघांच्याही बोलण्यात सत्याचा एकेक तुकडा होता, आणि त्या तुकड्याच्या भरवशावर चौघेही अडचणीत येऊ शकत होते.

वस्तुस्थिती अशी आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे. नुसती पानं आणि बिया त्यात येत नाहीत. त्यामुळे पानांची भांग केंद्राच्या कायद्यातून सुटते, पण महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली तिलाही परवाना लागतो. एक किलोपर्यंतचा गांजा ‘अल्प प्रमाण’ ठरतो. म्हणजे तो माफ होतो असं नाही. त्याला एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नुसत्या सेवनाला सहा महिन्यांपर्यंत कैद. दहा ते वीस वर्षांची शिक्षा वीस किलोंच्या वरच्या मालाला आहे. आणि झाड लावलं तर? त्याला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. जर्मनीने १ एप्रिल २०२४ पासून प्रौढांना घरी तीन झाडं लावायला मुभा दिली, ही बातमी वाचून इथे कुणी कुंडीत बी पेरलं, तर त्याला वजनाची सवलत नाही.

युनोची गोष्टही अर्धीच पोचलेली. २ डिसेंबर २०२० रोजी तिथल्या आयोगाने २७ विरुद्ध २५ मतांनी गांजाला सर्वांत कडक यादीतून काढलं, आणि भारतानेही बाजूने मत दिलं. पण नियंत्रणाच्या दुसऱ्या यादीत तो राहिलाच, आणि आपल्या कायद्यातला एक शब्दही बदलला नाही.

आता वक्त्यांच्या मूळ विधानाकडे येतो. गांजा परदेशी बातम्यांनी आणला, हे खरं नाही. १८९३-९४ मध्ये इंग्रजांनी नेमलेल्या आयोगाने देशभर अकराशेहून अधिक साक्षी घेऊन सात खंडांचा अहवाल लिहिला. बेताने घेणाऱ्याचं फारसं नुकसान होत नाही, सरसकट बंदी घालू नये, असा त्याचा निष्कर्ष होता. दोन भारतीय सदस्यांनी भिन्न मत नोंदवलं. तेव्हाही वाद होता, चिलीमही होती. मोबाइल तेवढा नव्हता. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एम्सच्या राष्ट्रीय पाहणीत दहा ते पंचाहत्तर वयाच्या लोकांपैकी २.८ टक्के भांग-गांजा-चरस घेणारे आढळले, दारू पिणारे १४.६ टक्के. दारूबद्दल मात्र कुणी परदेशाला दोष देत नाही.

हे सगळं जमवताना माझं मत पक्कं होत गेलं होतं. कॅनडाने २०१८ मध्ये केलं तसं करावं, दुकानं परवान्याखाली आणावीत, मालाची तपासणी व्हावी, कर मिळावा, मुलांना तुरुंग दिसू नये. लेखाचा शेवटही मी तसाच ठरवला होता. तो बदलावा लागला, त्याला कारण मोहाचं फूल.

या भागात वाढलेल्या माणसाला मोह सांगावा लागत नाही. फाल्गुन-चैत्रात पहाटे झाडाखाली फुलांचा सडा पडतो. कातकरी आणि ठाकर बायका तो वेचतात, सुकवतात. टंचाईच्या महिन्यांत हीच फुलं भाजून, उकडून पोटाला आधार होतात, आणि त्यांचीच दारू देवाला आणि लग्नकार्याला लागते. इंग्रज सरकारने १८७८ चा आबकारी कायदा आणला तेव्हा दारूवर बंदी घातली नाही. त्याने परवाना आणला. वाडीवरची भट्टी गुन्हा ठरली आणि गाळण्याचा धंदा मोठ्या परवानेदारांकडे, उरणसारख्या ठिकाणच्या मोठ्या भट्ट्यांकडे गेला. जी दारू वाडीत घरची होती, ती आता दुकानातून पैसे मोजून घ्यायची. तरीही लोक चोरून गाळत राहिले, तेव्हा १८९२ मध्ये ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांसाठी खास मोहाचा कायदा झाला आणि फुलावरच बंधनं आली. गोळा करायचं, साठवायचं, विकायचं, तर सरकारी नजरेखाली. कुलाबा म्हणजे १९८१ पासूनचा आपला रायगड.

या कायद्याने दारू कमी झाली, असं वाडीवरची माणसं म्हणणार नाहीत. त्याने एवढंच केलं की ज्याच्या अंगणात झाड होतं तो चोर ठरला आणि ज्याच्याकडे भांडवल होतं तो व्यापारी. स्वतंत्र भारताच्या दारूबंदी कायद्यातही मोहाच्या फुलांवरची बंधनं राहिली. महाराष्ट्र सरकारने ती सैल केली २०२१ मध्ये. इतकी वर्षं भाकरीसोबतचं एक फूल संशयित होतं.

म्हणून माझ्याच मनातल्या ‘परवान्या’कडे मी पुन्हा पाहिलं. उद्या गांजाची दुकानं परवान्याने निघाली, तर परवाना कुणाला मिळेल? कर्जतच्या नदीकाठी फार्महाऊस बांधू शकणाऱ्याला. आणि विनापरवाना पुडी कुणाकडे सापडेल? त्याच फार्महाऊसवर झाडू मारणाऱ्या पोराकडे. थायलंडने जून २०२२ मध्ये गांजा यादीतून काढला. हजारो दुकानं उघडली, नियम मागे राहिले, आणि तीन वर्षांत तो पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीवर आणावा लागला. बाजार कायद्याच्या पुढे धावतो. फुल्यांनी १८८० मध्ये पुण्यात दारूच्या दुकानांविरुद्ध नगरपालिकेला पत्र लिहिलं. ते दुकानाला जाब विचारत होते. मला ती दिशा आता जास्त पटते.

पण आजचा कायदा तरी दुकानाला जाब विचारतो का? विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेने मुंबईतल्या २०१७ आणि २०१८ च्या खटल्यांचा अभ्यास केला. बहुतेक प्रकरणं वैयक्तिक सेवनाची, त्यातही गांजाची. आणि शिक्षा झालेले प्रामुख्याने हातावर पोट असलेले. टपरीवरच्या घोळक्यात मागे उभा असलेला एक मुलगा हे न वाचताच जाणून होता. तो एका फार्महाऊसची देखभाल करतो. म्हणाला, ‘सर, पार्टीवाले ओढतात आणि रविवारी निघून जातात. उद्या धाड पडली तर उघडी खोली आमचीच असते.’ परदेशातल्या कायद्याबद्दल त्याला काही विचारायचं नव्हतं.

आणि याच मुलांच्या उशाशी काय चाललंय, हे आपण बोलत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये खोपोलीजवळ ढेकू गावात रायगड पोलिसांनी मेफेड्रोन बनवणारा कारखाना पकडला. जप्त मालाची किंमत तीनशे कोटींच्या वर सांगितली गेली. मुलं त्याला एमडी म्हणतात. व्यासपीठावरून गांजा, भांग आणि एमडी एकाच दमात ‘ड्रग्ज’ म्हणून सांगितले जातात. मित्राने गांजा ओढला आणि तो मेला नाही, हे मुलाने डोळ्यांनी पाहिलेलं असतं. मग एमडीबद्दलचा इशाराही त्याला तितकाच पोकळ वाटतो. भीतीपोटी बोललेल्या खोट्याची किंमत अशी वसूल होते.

गांजा निर्धोक आहे, असंही मी कुणाला सांगणार नाही. विशीच्या आत मेंदू घडत असतो. रोजच्या, तीव्र मालाने काहींना भास होतात, संशय जडतो, अभ्यास आणि काम सुटतं. घरात मानसिक आजार असेल तर धोका वाढतो. सोळा वर्षांच्या मुलाला हे समजतं. त्याला ते समजणार नाही, असं आपण आधीच धरून चालतो.

म्हणून आता माझी मागणी अशी: सेवनासाठी आणि अल्प प्रमाणासाठी तुरुंग नको, दुकानाचा परवानाही नको, आणि कर्जत-खालापूरच्या प्रत्येक कॉलेजात, आयटीआयमध्ये, आश्रमशाळेच्या वरच्या वर्गांत हा कायदा कलमांसह शिकवावा. त्यात कलम ६४-अ असावंच. व्यसनी माणूस सरकारमान्य ठिकाणी आपणहून उपचाराला गेला, तर सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातून त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. व्याख्यानात या कलमाचा उल्लेखही झाला नव्हता.

फार्महाऊसच्या मुलाला मी ते सांगितलं, तेव्हा तो थांबला. म्हणाला, ‘लिहून देता का? आमच्यातला एक जण आहे, सोडायचं म्हणतोय, पण दवाखान्यात गेला की पोलिसांत देतील म्हणून घाबरतो.’ चहाच्या बिलामागे मी कलमाचा आकडा आणि १४४४६ हा मदतीचा नंबर लिहून दिला. त्याने कागदाची घडी करून मोबाइलच्या कव्हरमागे सरकवली आणि भिवपुरीच्या गाडीसाठी स्टेशनकडे पळाला.