हा रस्ता कुणी केला?

पसरणी घाट संपला की मी गाडीची काच खाली करते. पाचगणी मागे पडते, जांभूळ आणि हिरड्याची दाटी रस्त्यावर झुकू लागते, आणि दर वेळी वाटतं, हा रस्ता आपल्यासाठीच केलाय.

केला कुणी?

महाबळेश्वरच्या पॉइंटांना साहेबांची नावं आहेत: लॉडविक, एल्फिन्स्टन, बॅबिंग्टन. इंग्रजांनी इथे गाव वसवलं तेव्हा चिनी आणि मलायी कैदी आणून तुरुंगात ठेवले. गावातल्या बऱ्याच जुन्या रस्त्यांवर ते राबले. बटाट्याची लागवड आणि वेतकाम इथल्या लोकांना त्यांनी शिकवलं. १८६४ मध्ये तो तुरुंग बंद झाला. त्यांच्या वाट्याला आला एक 'चायनामन फॉल'. त्यातही माणसाचं नाव नाही, नुसता देश.

सक्तीच्या मजुरीतून झालेल्या रस्त्यावर गाणी लावून गाडी चालवणं चूक आहे का? अपराधी वाटून घेणं सोपं आहे. माझं तरी पहिलं मक्याचं पॅटिस हातात येईपर्यंतच टिकतं.

माझी आजी माण तालुक्यातली. १९७२ च्या दुष्काळात तिने रस्त्याच्या कामावर खडी फोडली. तिच्यावर पहारा नव्हता, पण नाही म्हणायची सोय तिलाही नव्हती. तरी म्हसवडला जाताना एसटीच्या खिडकीतून ती बोट दाखवायची, "ह्यो आमी केलाय." आवाजात तक्रार नसायची, मालकी असायची.

म्हणून त्या कैद्यांची नुसती कीव करायला मी कचरते. त्यांनाही एखादं वळण आपलं वाटलं असेल. पण आजीचा अभिमान पुढे करून 'बघा, कष्टकरी खूश असतात' म्हणणं ही शुद्ध लबाडी. तो अभिमान तिने स्वतः कमावलेला होता, तिला राबवणाऱ्या भुकेने दिलेला नव्हता. शिवाय बोट दाखवायला शेजारी कुणीतरी आपलं लागतं. आजीला मी होते.

२०२१ च्या जुलैत महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरणारा आंबेनळी घाट दरडींनी बंद पडला होता. आता आपण तिथून सहज जातो. मागच्या खेपेला त्याच घाटात काही बायका पाट्यांनी खडी टाकत होत्या. रस्ता अडला होता. माझा हात हॉर्नवर गेला होता. तो काढून मी विचारलं, "मावशी, कुठल्या गावच्या?"

"जतकडच्या," एक म्हणाली. आणखी काही सांगणार होती, पण मागच्या गाडीने हॉर्न दिला.