तेरच्या चाकापाशी

तेरणेच्या काठचे तेर इतिहासाच्या अभ्यासकांना 'तगर' या नावाने, रोमशी व्यापार करणारी सातवाहनकालीन पेठ म्हणून ठाऊक आहे. परंतु आमच्या मुलखातील शेतकरी तेरचे नाव निघताच हात जोडतो, तो कुंभार संत गोरोबाकाकांसाठी. त्यांची कथा येथे लहानपणीच कानावर पडते. पत्नी पाण्याला गेलेली, गोरोबा चिखल तुडवीत विठ्ठलनामात तल्लीन झालेले, अंगणात रांगणारे मूल त्या चिखलात येते, पित्याच्या पायाखाली तुडवले जाते, आणि पित्याला त्याची वार्ताही नसते. कीर्तनकार हा प्रसंग भक्तीची पराकाष्ठा म्हणून सांगतात. पुढे पंढरीस नामदेवांच्या कीर्तनात गोरोबांचे तुटलेले हात परत येतात, मूलही परत येते, आणि श्रोते डोळे पुसून घरी जातात. मी ही कथा पन्नास वर्षे ऐकत आलो, पण मूल परत येईपर्यंतच्या मधल्या दिवसांत त्या आईने काय केले असेल, हा प्रश्न माझ्या मनाला कधी शिवला नाही. तो शिवला, माझ्या भाच्याच्या मुलाला स्वमग्नता आहे असे निदान झाल्यावर.

मुलगा तेव्हा तीन वर्षांचा होता. नावाने हाक मारली तर वळून पाहत नसे. खेळण्यातला ट्रॅक्टर हाती आला की तो उलटा करून त्याचे एकच चाक तासन्‌तास फिरवीत बसे. आणि क्वचित बोललाच तर कालचे आपले वाक्य आपल्याच हेलात जसेच्या तसे परत देई. ब्लॉयलर या स्विस मनोवैद्याने 1911 च्या सुमारास स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांतील अंतर्मुखतेसाठी योजलेला 'ऑटिझम' हा शब्द 1943 साली लिओ कॅनर यांनी बाल्टिमोर येथे अकरा मुलांच्या निरीक्षणावरून बालकांच्या या अवस्थेला लावला. मराठीने त्याची 'स्वमग्नता' केली. 'स्व' आणि 'मग्न' हे अध्यात्मातले दोन अत्यंत वंदनीय शब्द एकत्र आले, आणि ज्या स्थितीसाठी योगी जन्मभर धडपडतो तिचेच नाव एका तीन वर्षांच्या मुलाच्या वैद्यकीय कागदावर येऊन बसले.

मला त्यात सांत्वन दिसले. भागवताच्या पाचव्या स्कंधातला जडभरत मला आठवला, ज्याला लोकांनी मंद समजून पालखीला जुंपले. रिद्धपूरचे गोविंदप्रभू आठवले, ज्यांना बाहेरचे जग वेडा म्हणे आणि महानुभाव परमेश्वर मानीत. हे सगळे मी भाच्याच्या बायकोला मोठ्या उत्साहाने सांगितले. तिने शांतपणे ऐकले आणि म्हणाली, "मामा, त्याला देव नका करू. त्याला भाकरी चालत नाही, फक्त पांढरा भात चालतो, तोही आमटी न लागलेला. देवाला नैवेद्य दाखवला की झालं. याला दोन घास कसे भरवायचे, ते सांगा."

ते उत्तर मला फार दिवस पुरले. जडभरताची कथा मी पुन्हा वाचली, तेव्हा माझी चूक ध्यानात आली. त्याचे मौन स्वेच्छेचे होते. आणि त्याहून महत्त्वाचे हे, की रहूगण राजाने खडसावताच तो बोलतो, असे बोलतो की राजा पालखीतून उतरून त्याचे पाय धरतो. आपला आदर त्या भाषणानंतरचा आहे. आपल्या सर्व कथांत शेवटी काहीतरी परत मिळते. मुका बोलतो, तुटलेले हात उगवतात, चिखलातले मूल उठून टाळ्या पिटते. जो कधीच बोलणार नाही, ज्याच्यातून कोणतेही दडलेले तेज प्रकट होणार नाही, त्याचे आपल्या धर्मात स्थान काय, हा प्रश्न या कथा विचारीत नाहीत. आणि मला तर आता हाच एक प्रश्न खरा धार्मिक वाटतो. चमत्काराच्या आशेवर दिलेला मान हा उसना मान होय. ज्याला काहीच परत मिळणार नसेल त्याच्यापाशीही जो धर्म उभा राहतो, त्याचे आचरण त्या मधल्या दिवसांत होत असते, जिथे कीर्तनकार थांबत नाही.

'स्वमग्न' हा शब्दही पुरता खरा नाही, हे मला तुळजापुरात दिसले. कुलाचारासाठी आम्ही त्याला नेले होते. महाद्वारातून पायऱ्या उतरताना संबळ वाजू लागला, तसे त्याने दोन्ही तळहात कानांवर असे दाबून धरले की नखांची टोके पांढरी पडली. मग तो पायरीवरच आडवा झाला आणि ओरडू लागला. तो स्वतःत बुडालेला नव्हता. जग त्याच्यावर कोसळत होते. आपल्या कानांना जो उंबरठा असतो तो त्याच्या कानांना नव्हता. भोवतीच्या बायका हळहळल्या. एकीने देवीचे काही राहिले असेल म्हटले, दुसरीने मागल्या जन्मीचे. पुढे मंदिरातल्या चिंतामणीवर, ज्या गोल दगडावर हात ठेवून मनात प्रश्न धरला असता तो उजवीकडे, डावीकडे फिरून किंवा स्थिर राहून कौल देतो अशी श्रद्धा आहे, मुलाच्या आईने दोन्ही हात ठेवले. काय कौल मिळाला ते तिने सांगितले नाही. मी विचारले नाही.

मागल्या जन्मीचे! कर्मसिद्धान्त माणसाने आपल्या कर्तव्याकडे डोळसपणे पाहावे म्हणून सांगितला गेला. शेजाऱ्याच्या दुःखाचा पंचनामा करण्यासाठी तो वापरणे हा त्या सिद्धान्ताचाच अपमान आहे. आणि हा दोष आपल्याच अज्ञानाचा म्हणावा तर तसेही नाही. शिकागोच्या ब्रूनो बेटेलहाइम यांनी 1967 साली आपल्या ग्रंथात या अवस्थेचे मूळ आईबापांच्या, मुख्यतः आईच्या, थंड वागणुकीत आहे असे प्रतिपादले, आणि कित्येक वर्षे कित्येक आया ते ओझे वाहत राहिल्या. वास्तविक बर्नार्ड रिमलंड यांनी, जे स्वतः अशा मुलाचे पिता होते, 1964 सालीच ही मेंदूच्या जडणघडणीतली जन्मजात गोष्ट आहे असे साधार मांडले होते. आज आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे हे सिद्ध आहे. लसीचा संबंध नाही, संगोपनाचा दोष नाही. शिकागो काय, तुळजापूर काय, आरोपी शोधायला निघालेली माणसे अखेर आईच्याच दारी येऊन थांबली.

तेरचीच दुसरी कथा येथे आठवते. संतांच्या मेळ्यात मुक्ताबाईच्या सूचनेवरून गोरोबांनी एकेकाच्या मस्तकावर थापटणे मारून कोणते मडके कच्चे ते पाहिले, आणि नामदेव कच्चे ठरले. पण कुंभाराच्या आळीत जाऊन पाहिले तर थापटणे भाजलेल्या मडक्याला लावीतच नाहीत. ते ओल्या मडक्यासाठी असते, आतून दगडी गोळ्याचा आधार देत बाहेरून थापटून भांडे वाढवीत नेण्यासाठी. भाजलेले मडके बोटाच्या पेराने वाजवून पारखतात. म्हणजे गोरोबांच्या हातातले हत्यार घडवण्याचे होते, आणि नामदेवांनाही त्या आघातापासूनच गुरू विसोबा खेचरांची वाट सापडली. आपल्याकडे या मुलांच्या परीक्षेसाठी चाळीस कलमांची भारतीय मापनपट्टी आहे. सत्तर व त्यावर गुण आले की स्वमग्नता मानतात. त्यावरून दाखला मिळतो. 1995 च्या अपंगांच्या कायद्यात या अवस्थेचे नावही नव्हते. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने ते घेतले आणि 2016 च्या कायद्याने एकवीस प्रकारांत त्याची गणना केली. जिल्ह्याच्या ठिकाणी बालकांसाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्राची तजवीज आहे, एक लाखापर्यंतच्या 'निरामय' विम्याची सोय आहे. हे सर्व हवेच. परंतु आकडा दप्तरी नोंदून मुलाला घरी पाठवले, तर तो आतल्या हाताविना मारलेला फटका होतो. आम्हाला एका कचेरीत चौथ्या खेपेस सांगण्यात आले की मूल 'नीट बसत नाही' म्हणून तपासणी पुढे ढकलली आहे. नीट बसत नाही, म्हणूनच तर आणले होते.

तो आतला हात मी घरात पाहिला. भिंतीवर भाचेसुनेने पुठ्ठ्याची चार चित्रे लावली आहेत: अंघोळ, भात, शाळा, झोप. एक काम झाले की तो स्वतः ते चित्र उलटे करतो; पुढे काय येणार हे कळले की त्याचे ओरडणे निम्म्याने कमी होते. कुकर लावण्याआधी ती त्याला शिट्टीचे चित्र दाखवते. वाचोपचारासाठी दर पंधरवड्याला सोलापूरची एसटी धरते. गोरोबांची पत्नी पाण्याला गेली होती, हे कथेत एका वाक्यात येते; मला आता ते वाक्य ओलांडून पुढे जाववत नाही.

गेल्या चैत्रात वद्य त्रयोदशीला, गोरोबांच्या समाधीच्या दिवशी, गर्दी टाळून आम्ही त्याला तेरच्या एका ओळखीच्या कुंभाराकडे घेऊन गेलो. मुलगा आता सहा वर्षांचा आहे. चाक फिरू लागले तसा तो उकिडवा बसला आणि पापणी न हलवता पाहत राहिला. काही वेळाने चाक मंदावले, थांबले. त्याने कुंभाराच्या तोंडाकडे पाहिले नाही. सरळ त्याचे चिखलाने माखलेले मनगट धरले आणि तो हात उचलून चाकावर ठेवला. दुसऱ्याचा हात असा अवजारासारखा वापरणे, हे निदानशास्त्रात या अवस्थेचे एक लक्षण म्हणून गणतात. आई मात्र कुंभाराला म्हणाली, "फिरवा म्हणतोय, काका." कुंभाराने चाकाला गती दिली. मुलाने मनगट सोडले नव्हते.