अवजाराचा धनी

मनुष्याच्या व्यसनांची नीतिशास्त्राने जितकी कसून तपासणी केली आहे तितकी त्याच्या छंदांची केलेली नाही. मद्य, द्यूत, लोभ यांवर ग्रंथ आहेत. परंतु कोणी टपालाची तिकिटे जमवतो, कोणी नाणी, कोणी दिवे, असे ऐकले म्हणजे आपण कौतुकाने हसतो आणि विषय सोडून देतो. छंद म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत आम्हांसही फार दिवस सोयीची वाटत आली, कारण आम्ही स्वतः असल्या एका छंदाच्या अधीन आहो. यंदाच्या पावसाळ्यात भंडारदऱ्यास चार दिवस राहण्याचा योग आला, तेव्हा या समजुतीस जो धक्का बसला त्याची हकीकत व तीवरचा आमचा विचार वाचकांपुढे ठेवीत आहो.

आमचा संग्रह लोखंडाचा आहे. पक्कड, पाना, हातोडी, पेचकस, तार तोडण्याची कातर अशी चार-पाच अवजारे ज्यांच्या एकाच देहात वसली आहेत, आणि ज्यांचा जबडा कामाप्रमाणे लहानमोठा करता येतो, अशी जुनी हत्यारे आम्ही गेली बावीस वर्षे जमवीत आलो. पुण्याचा जुना बाजार बुधवारी व रविवारी भरतो. रविवारची सकाळ तेथे भंगाराच्या ढिगाशी उकिडवे बसून घालवणारे आपले प्राध्यापक पाहून आमच्या विद्यार्थ्यांची बरीच करमणूक झाली आहे, आणि आमच्या कुटुंबाचे मत तर येथे छापण्याजोगेही नाही. असो. आज संग्रहात एक्केचाळीस नग आहेत.

या हत्यारांत एवढे मन रमण्याजोगे काय आहे, असे कोणी विचारील. साधी पक्कड उघडून पाहावी. तिचे दोन जबडे एका खिळ्यावर फिरत असल्यामुळे ते जितके अधिक उघडावे तितके तिरपे होत जातात. मोठा नट अशा तिरप्या जबड्यांत धरला तर तो सपाट बाजूंवर न धरला जाता कोपऱ्यांवर धरला जातो. जोर केला की कोपरे झिजतात, आणि एकदा गोल झालेला नट मग कोणत्याच पान्यास दाद देत नाही. या एका क्षुल्लक अडचणीवर दोन शतकांतील लोहारांनी किती डोके चालवले! कोणी खिळ्याचे भोक लांबट करून त्यात खिळ्यास दोन ठाणी दिली, म्हणजे जबडा हवा तेव्हा रुंद व्हावा. स्वीडनमधील योहान पेटर योहान्सन याने 1892 साली ज्या पान्याचे पेटंट घेतले त्यात एक जबडा दांड्याशी एकजीव असून दुसरा अंगठ्याने फिरवावयाच्या मळसूत्रावर सरकतो. अमेरिकेत नेब्रास्का संस्थानातील विल्यम पीटरसन नावाच्या मूळच्या डॅनिश लोहाराने 1924 साली अशी पक्कड सिद्ध केली की तिने एकदा धरलेली वस्तू हात काढून घेतला तरी सुटू नये. पुढे 1975 साली टिम लेदरमन हा अमेरिकन तरुण एक जुनी मोटार घेऊन युरोप व पश्चिम आशिया हिंडला, तेव्हा वाटेत घडोघडी दुरुस्त्या कराव्या लागून खिशातल्या चाकूत पक्कड नाही हे शल्य त्यास इतके बोचले की त्याने स्वतःच तसे हत्यार घडवावयास घेतले. ते विक्रीस येण्यास 1983 साल उजाडले. योहान्सनच्या धर्तीचा पाना वापरण्याची एक रीत जुने कारागीर शागिर्दास आधी शिकवतात. तो अशा बाजूने फिरवावा की खरा भार अचल जबड्यावर पडेल. सरकत्या जबड्यावर भार टाकला तर मळसूत्र ढिले होते. परिस्थितीशी जुळवून घेण्याचा उपदेश करणाऱ्या मंडळींस हे उदाहरण आम्ही अनेकदा ऐकवले आहे.

बहुकामी अवजारास तत्त्वज्ञांचा विरोध मात्र फार जुना आहे. ॲरिस्टॉटलने आपल्या 'पॉलिटिक्स' ग्रंथाच्या पहिल्याच भागात डेल्फी येथील सुरीचा उल्लेख केला आहे. तेथील लोहार काटकसरीने एकच सुरी अनेक कामांस उपयोगी पडेल अशी बनवीत. निसर्ग तसा कृपण नाही, तो प्रत्येक कामास वेगळी वस्तू निर्माण करतो, आणि जे अवजार एकाच कामाचे तेच उत्तम, असा त्याचा अभिप्राय. वाचताना हे पटते. घड्याळजीच्या पेटीत आमच्या संग्रहातील एकही हत्यार सापडावयाचे नाही. परंतु हा दृष्टांत त्याने कशासाठी योजिला आहे हे पाहिले म्हणजे मन चरकते. स्त्री आणि गुलाम हे निसर्गतःच भिन्न कामांसाठी निर्माण झाले आहेत हे त्यास सिद्ध करावयाचे होते, आणि पुढे काही पानांतच गुलाम म्हणजे जिवंत अवजार असेही तो सांगतो. एक अवजार एक काम, हा लोखंडाचा नियम एक मनुष्य एक काम, असा कधी झाला ते कळतही नाही. आपणांस हे कळावयास ग्रीसपर्यंत जाण्याचे कारण नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 1915 साली 'गावगाडा' लिहिला. त्यातील बारा बलुत्यांची व्यवस्था डोळ्यांपुढे आणावी. सुताराचा मुलगा वाकस घेऊन जन्मास येतो आणि लोहाराचा मुलगा सांडशी घेऊन, असे मानूनच तो गाडा चालला होता.

आमच्या बायकांनी मात्र डेल्फीच्या लोहाराचा पक्ष केव्हाच घेतला आहे. घरातली विळी पाहा. पात्यावर भाजी चिरावी, त्याच विळीच्या टोकाशी असलेल्या दातेरी खवणीवर नारळ खवावा, आणि काम झाले की पाते मिटून ठेवावे. हे हत्यार जमवावे असे आम्हांस बावीस वर्षांत एकदाही सुचले नाही, याचा अर्थ आम्हांस अलीकडे लागला. ते रोज कामात होते.

आता मूळ हकीकतीकडे वळतो. अकरा वर्षांपूर्वी आम्ही भंडारदऱ्यास प्रथम गेलो. शेंडी गावाच्या अलीकडे एका वस्तीवर पाणी मागावयास थांबलो असता ओसरीच्या खुंटीवर एक पक्कड टांगलेली दिसली. जबडा दोन ठाण्यांत सरकणारा, पाठीशी हातोडीचे तोंड, एका दांड्याचे टोक पेचकसासारखे चपटे आणि दुसऱ्याचे अणकुचीदार. घरधनी त्या वेळी पंचावन्नच्या घरातला असेल. त्याने सांगितले की त्याचा आजा धरणाच्या कामावर होता, आणि काम संपले तेव्हा हे हत्यार त्याच्याजवळ राहिले. इंजिनाचा नट, बैलाच्या खुरातला काटा, कुंपणाची तार, सर्व त्या एकावर भागे. आम्ही किंमत विचारली. तो विकण्याच्या विचारात नव्हता. आम्ही आकडा वाढवीत गेलो, आणि सातशे रुपयांवर तो गप्प झाला. ते मौन संमती होते की संकोच, याची चौकशी करण्याची आम्हांस त्या वेळी गरज वाटली नाही. मुक्कामावर परत येताना आमचा आनंद पोटात मावत नव्हता.

आपल्या शास्त्रकारांनी अपरिग्रहास यमांत स्थान दिले आहे. योगसूत्रांवरील व्यासभाष्यात त्याची कारणमीमांसा करताना वस्तू मिळवण्यात, राखण्यात, तिचा क्षय होण्यात आणि तिच्या आसक्तीत दोष दाखवून शेवटी हिंसेचाही दोष सांगितला आहे. पहिल्या चारांची ओळख प्रत्येक संग्राहकास असते. गंज चढू नये म्हणून आम्ही जी मेणतेलाची उपासना करतो ती पाहिली तर राखण्यातील दुःख सांगावयास भाष्यकाराची जरूर नाही. परंतु हिंसा? लोखंडाच्या तुकड्यांच्या संग्रहात हिंसा ती कोणाची, असे म्हणून आम्ही त्या शब्दावरून पुष्कळदा पुढे गेलो होतो. सातशे रुपयांचा आकडा वाढवणारा आमचा आवाज पुढे कधी रात्री आठवे, तेव्हा तो शब्दही आठवे. त्याच्या हातातले चालते हत्यार आम्ही न चालण्यासाठी विकत घेतले होते.

या आरोपास उत्तर नाही असे नव्हे. दिनकर केळकर यांनी, म्हणजे कवी अज्ञातवासी यांनी, जन्मभर हिंडून दिवे, अडकित्ते, दौती, भांडी असा संसारातला जिन्नस गोळा केला, अकाली गेलेल्या आपल्या राजा या मुलाच्या नावाने पुण्यात संग्रहालय उभे केले आणि ते सारे महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केले. तेथील अडकित्त्यांच्या कपाटापुढे आम्ही तासन् तास उभे राहिलो आहो; दोन दांडे आणि एक खिळा, म्हणजे आमच्या पकडीचाच तो सख्खा भाऊ. त्या वस्तू केळकरांनी उचलल्या नसत्या तर त्यांतील किती मोडीत जाऊन तांबटाच्या मुशीत वितळल्या असत्या! जुन्या बाजारातील ढिगातून आम्ही उचललेल्या हत्यारांबद्दलही हेच म्हणता येईल. पण खुंटीवरचे हत्यार ढिगात नव्हते. मरू घातलेल्या वस्तूस वाचवणे आणि जिवंत वस्तूस आधीच जतन करून टाकणे यांत अंतर आहे, आणि ते आम्ही ओलांडले होते असा आमचा निष्कर्ष झाला.

म्हणून यंदा निघताना ती पक्कड आम्ही पिशवीत घातली. परत द्यावयाची, पैसे मागावयाचे नाहीत, असा बेत.

पाऊस लागलेला होता. कळसूबाईचे शिखर चारही दिवस ढगांत होते, आणि सांडव्याचे पाणी प्रवरेत धडाडत होते. हे धरण 1910 साली बांधावयास घेतले आणि 1926 साली पुरे झाले. दगड-चुन्याचे हे काम 82 मीटर उंच आहे व त्यात 11,039 दशलक्ष घनफूट पाणी राहते. धरणास गव्हर्नर विल्सन यांचे नाव मिळाले आणि जलाशयास आर्थर हिल यांचे. सोळा वर्षे ज्यांनी दगड वाहिले त्यांची नावे कोठे कोरलेली आम्हांस आढळली नाहीत. 1969 साली धरणास तडे जाऊन पाणी पाझरू लागले, तेव्हा मागून आधारभिंती देऊन ते बळकट केले गेले. कामातल्या वस्तूचे असे असते. ती मोडते, तिची डागडुजी होते, ती पुन्हा भार घेते. आमच्या कपाटातील पक्कड अकरा वर्षांत एकदाही मोडली नव्हती. याच प्रवरेच्या काठी, पुष्कळ खाली, नेवासे येथे शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. पण तेथवर जाण्यास या खेपेस सवड नव्हती.

घरधनी ओसरीवरच भेटला. त्याने आम्हांस ओळखले, चहा सांगितला. आम्ही पिशवीतून पक्कड काढून त्याच्यापुढे ठेवली आणि मनात जुळवून आणलेले भाषण केले. त्याने ती उचलून दांडे फाकवून पाहिले. आमच्या मेणतेलाने खिळा घट्ट धरला होता. त्याने दोनदा झटका देऊन जबडा एका ठाण्यातून दुसऱ्यात सरकवला, आणि तो सरकला तेव्हा थोडा हसला.

"बरी राखलीया," तो म्हणाला. "पर गुरुजी, आता काय करू हिचं? इंजिन गेलं. मोटार हाय लाइटीची. बिघडली तर पोरगा राजूरहून मेस्तरी आणतो. बैलबी न्हाईत."

आमची सारी उदारता अशी एका वाक्यात निकामी झाली. ज्या हिंसेचा आम्ही अकरा वर्षे पश्चात्ताप केला ती, हिशेब पाहता, आम्ही न करताही घडलीच असती. खुंटीवर पक्कड राहिली असती तर ती आज भंगारवाल्याच्या गोणीत असती, कदाचित पुण्याच्या त्याच ढिगात. यामुळे आम्ही निर्दोष ठरलो काय? आमचे तर्कशास्त्र येथे आम्हांस साथ देत नाही. आपण केले नसते तरी झाले असते, हा युक्तिवाद चोर आणि मुत्सद्दी दोघेही करीत आले आहेत, आणि ज्या दिवशी आम्ही आकडा वाढवला त्या दिवशी इंजिन चालू होते.

संग्रहाची टिपणवही आमच्यापाशी होती. वस्तू कशी नोंदवली आहे हे त्यास दाखवावे, म्हणजे ती मानाने ठेवली आहे अशी त्याची खात्री पटेल, या हेतूने आम्ही ते पान उघडले. क्रमांक, घडणावळ, पेटंटाची खूण, जबड्याची फाक इंचांत, खरेदीचे स्थळ, किंमत. त्याने डोळे बारीक करून सगळ्या रकान्यांवरून बोट फिरवले.

"आमच्या आज्याचं नाव कुठं लिवलंय?"

ते कोठेच नव्हते. त्या वहीत तसा रकानाच नव्हता. बावीस वर्षांत कोणाही विकणाऱ्यास आम्ही हत्यार कोणाच्या हातचे म्हणून विचारले नव्हते. विचारले ते एवढेच की लोखंड कोठले. तो रागावला नाही. त्याने नाव सांगितले, वडिलांचे नाव सांगितले, आणि धरणावर आजा कोणते काम करी तेही सांगितले. आम्ही ते लिहून घेतले. येथे ते नाव देत नाही, कारण मासिकात छापू काय असे त्यास विचारण्याचे आम्हांस सुचले नाही.

निघताना पक्कड त्याने स्वतःच आमच्या पिशवीत ठेवली. नातू सुटीत पुण्यास येतो, त्यास दाखवा, एवढे सांगितले.

घरी आल्यावर आम्ही वहीत उजव्या हातास एक नवा रकाना आखला आणि त्यास 'कोणाच्या हातचे' असे शीर्षक दिले. एक ओळ भरली. चाळीस ओळी कोऱ्या आहेत. जुन्या बाजारातील ज्या दुकानदारांकडून ती हत्यारे घेतली त्यांतील दोघे आता हयात नाहीत. उरलेल्यांकडे येत्या रविवारपासून जावयाचे ठरवले आहे.