रकान्यांतील साक्ष

चार साक्षीदारांच्या जबान्या एकमेकींशी तंतोतंत जुळत नसल्या, तर चारींची मिळून एकच सुसंगत हकिकत लिहून टाकावी, की त्या जशाच्या तशा दफ्तरी ठेवून त्यांचा ताळा पाहण्याची सोय करावी, हा प्रश्न न्यायासनापुढचा तसाच श्रद्धेपुढचाही आहे. ख्रिस्ती धर्मात पहिला मार्ग दुसऱ्या शतकात ततियानाने चोखाळला. मत्तय, मार्क, लूक व योहान यांची शुभवर्तमाने एकत्र गुंफून त्याने ‘दियातेस्सरोन’ हा सलग ग्रंथ सिद्ध केला, आणि सिरियाक भाषेच्या मंडळ्यांतून तो पिढ्यान्‌पिढ्या वाचला गेला. भाविकांची त्यात सोय होती, हे नाकारता येत नाही. परंतु कोणता शब्द कोणाचा, हे विचारण्याची वाटच त्या सोयीने बुजवून टाकली. पुढे पाचव्या शतकात थिओडोरेट नामक बिशपाने आपल्या मुलुखातील ‘दियातेस्सरोन’च्या दोनशेहून अधिक प्रती गोळा करवून त्यांच्या जागी चार स्वतंत्र शुभवर्तमाने दिली.

दुसरा मार्ग चौथ्या शतकात कैसरियाच्या युसेबियसाने काढला. मूळ ग्रंथाच्या एकाही अक्षरास हात न लावता त्याने परिच्छेदांचे क्रमांक, एकट्या मत्तयाचेच ३५५, दहा कोष्टकांत मांडले: पहिल्यात चार रकाने, पुढील तिहींत तीन, त्यापुढील पाचांत दोन. मंदिरातून व्यापाऱ्यांना हाकून दिल्याचा प्रसंग योहान आरंभीच सांगतो, इतर तिघे अखेरीस. कोष्टक मात्र चौघांचे आकडे एका ओळीत ठेवते आणि प्रसंग एकदा घडला की दोनदा, याविषयी अवाक्षर काढीत नाही. हे मौन मला ततियानाच्या गोड एकवाक्यतेहून अधिक धार्मिक वाटते.

तथापि ते निखळ तटस्थही नाही. पहिल्या कोष्टकात मत्तयाचे आकडे चढत्या क्रमाने शिस्तीत लागतात, योहानाचे मात्र पुढेमागे उड्या घेतात. म्हणजे सर्वांना समान रकाना देणाऱ्यालाही कोणा एकाचा क्रम प्रमाण धरल्यावाचून गत्यंतर नव्हते. रकाने आखणाऱ्या प्रत्येक कारकुनास ही अडचण ठाऊक असते, आणि बहुधा तो ती कोणास सांगत नाही.

दहाव्या कोष्टकात ही अडचणच उरत नाही. जे एकालाच ठाऊक, त्याच्या तिथे प्रत्येकाच्या निरनिराळ्या याद्या आहेत. येशूने शिष्यांचे पाय धुतल्याचे योहानाखेरीज कोणीच सांगत नाही. त्या क्रमांकाशेजारी ताळा पाहण्यास काहीच नाही, आणि युसेबियसाने तो गाळलेलाही नाही.