आमचा उकाडा, तुमच्या दारी

माझ्या घरात माझा शब्द चालत नाही, याची मला सवय झाली आहे. पण माझ्या शरीरातही तो चालत नाही! मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा बदामाएवढा एक कारभारी बसलेला असतो. बाहेर पौषातली थंडी असो की वैशाखवणवा, आतला पारा ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवायचा, हे त्याचे काम. थंडी पडली की तो कातडीखालच्या रक्तवाहिन्या आवळतो, दात वाजवायला लावतो. उकडायला लागले की त्याच वाहिन्या सैल सोडतो आणि अंगभर पसरलेल्या वीस-तीस लाख घर्मग्रंथींना कामाला जुंपतो. मला विचारत नाही. आणि तेच बरे आहे. विचारले असते तर मी ‘हिला विचारून सांगतो’ म्हटले असते, आणि तोवर शिजून निघालो असतो.

या कारभाऱ्याची परीक्षा पाहण्याचा उद्योग १७७४ साली लंडनमध्ये काही सभ्य गृहस्थांनी केला. डॉ. चार्ल्स ब्लॅग्डेन आणि त्यांची स्नेहीमंडळी भट्टीसारख्या तापवलेल्या खोलीत जाऊन बसली. पारा शंभराच्या वर, शेवटी शेवटी तर सव्वाशे अंशांपर्यंत. पुढे सोबतीला अंडी, गोमांसाचे तुकडे आणि एक कुत्रीही नेली. (पाय भाजू नयेत म्हणून तिला टोपलीत ठेवले होते. विद्वानांसाठी टोपल्या नव्हत्या.) वीसेक मिनिटांत अंडी टणक झाली, मांस शिजून वाळले, घड्याळाच्या साखळीला हात लावणे कठीण झाले. डॉक्टरसाहेब मात्र काही मिनिटे थांबून घाम पुशीत बाहेर आले, आणि कुत्री धापा टाकीत.

आता डॉक्टर आणि मांसाचा तुकडा यांत फरक तो काय? वेदान्ती म्हणतील, आत्मा. माझी ना नाही. पण त्या खोलीपुरते पाहिले तर फरक घामाचा होता, आणि खोली कोरडी होती म्हणून तो उपयोगी पडला. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. वाळताना बरं का, गळताना नव्हे! ‘घाम गाळा’ असा उपदेश करणाऱ्या थोरामोठ्यांच्या हे कधी लक्षात आले नाही. गळून जमिनीवर पडलेला घाम फुकट. म्हणून तर नागपूरकर ४४ अंशांतही कूलरपुढे ऐटीत बसतो आणि आम्ही मुंबईकर ३४ अंशांत चिकचिकून जातो. इथल्या हवेत आधीच इतके पाणी असते की आमच्या घामाला तिथे जागा मिळत नाही. जशी सकाळच्या लोकलमध्ये आम्हाला मिळत नाही.

हे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. हवा अंगापेक्षा तापली आणि वर दमटही झाली, की कारभाऱ्याच्या हाती काही उरत नाही. आतला पारा चाळिशी ओलांडून गेला की उष्माघात. त्यात माणूस जातोसुद्धा.

शिवाय उष्णता कधी नाहीशी होत नाही, ती फक्त घर बदलते. मी गार झालो, म्हणजे माझी उष्णता दुसरीकडे कुठेतरी गेली. स्वस्थ बसलेला माणूससुद्धा शंभर वॉटच्या दिव्याइतकी ऊब बाहेर टाकीत असतो. लोकलच्या डब्यात मी शेजाऱ्याला तापवतो, तो मला तापवतो. हिशेब फिटतो, कुणी कुणाचे देणे लागत नाही.

एसीचे तसे नाही. तो खोलीतली उष्णता उचलतो, तिच्यात स्वतःच्या विजेची भर घालतो आणि सगळे गाठोडे बाहेर टाकतो. यंदा आमच्याकडे एसीचा ठराव दोन विरुद्ध एक मतांनी संमत झाला आहे. बाहेरची पेटी लावायला जागा एकच, मागच्या भिंतीवर. तिच्या बरोबर खाली इस्त्रीवाला उभा असतो. समोर कोळशाची इस्त्री, वर पत्रा.

“बाबा, एका एसीने असा काय फरक पडणार आहे?” चिरंजीव म्हणाले. एका खोलीचा उकाडा एका माणसाच्या डोक्यावर, असा फरक पडतो, असे मी म्हणणार होतो. पण तेवढ्यात सौ.ने तोंड उघडले. “अहो, खालच्या माणसाची एवढी काळजी आहे ना? मग पंचवीस वर्षं मे महिन्यात मी गॅसपुढे उभी आहे, तो उकाडा कुणाच्या खात्यावर?”

शेवटी मी खाली जाऊन त्यालाच विचारले. कपाळावरचा घाम बोटाने निपटत तो म्हणाला, “लावा की काका. वरच्या तिघांनी लावलेतच. फक्त पाण्याची नळी तेवढी इकडे सोडा. कपड्यांवर शिंपडायला बरं पडेल.”

मी वर आलो. नळीचे पक्के झाले आहे. एसीचे अजून व्हायचे आहे.