चुकलं, हरवलं, पळवलं

जत्रेत पोर ‘चुकतं’. कर्ण्यावरून पुकारा होतो: हिरवा फ्रॉक, एकाच पायात चप्पल, आईचं नाव विचारलं तर ‘आई’ एवढंच सांगते. पाळण्यापाशी उभी असलेली एक बाई गर्दी कापत धावत येते. आधी पोरीच्या पाठीत धपाटा, मग तिला छातीशी. तासाभरात कोणी आलंच नाही, तर तेच पोर ‘हरवलं’ होतं. दिवेलागणीनंतर कोणीतरी हलक्या आवाजात ‘पळवलं’ म्हणतं.

या तीन शब्दांच्या मधल्या जागेत थरारपटांचं दुकान चालतं. ‘टेकन’मधला बाप माणसं मारत मुलीपर्यंत पोचतो. ‘प्रिझनर्स’मधला एका संशयिताला कोंडून त्याचे हाल करतो. दोघंही सतत धावपळ करत असतात आणि ती मुलासाठीच आहे, असं आपण धरून चालतो. अनुराग कश्यपच्या ‘अग्ली’त तसं धरून चालता येत नाही.

मुंबईत गाडीत बसवून ठेवलेली काली नावाची मुलगी नाहीशी होते. बाप धडपडणारा नट, आईचा दुसरा नवरा पोलीस अधिकारी. बाप मित्राला घेऊन चौकीत येतो, आणि गिरीश कुलकर्णींचा इन्स्पेक्टर जाधव चौकशी सुरू करतो. फोन आला की पडद्यावर माणसाचा फोटो कसा काय दिसतो? तो फोटो कोण काढतं? फोन येतो तेव्हाच काढायचा का? किती तरी वेळ हेच. थिएटरात आम्ही खदाखदा हसलो. मधेच कधीतरी आठवलं, पोरगी बाहेर आहे. हसणं घशात अडकलं. माझ्या मते हिंदी सिनेमात याहून भयंकर पाठलाग झालेला नाही, आणि त्यात कोणी खुर्चीवरून उठतसुद्धा नाही. पुढे बापाचा मित्र, मामा, खुद्द आई, जो तो खंडणीच्या विस्तवावर आपली पोळी भाजून घेतो. शेवटी मुलगी सापडते, ती जिवंत नाही.

हा चित्रपट मे 2013मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला. (इथे तो धूम्रपानाच्या इशाऱ्याच्या वादात अडकला आणि डिसेंबर 2014मध्ये लागला. आपल्याकडे धोका नेमका कुठे दिसतो पाहा.) त्याच महिन्यात, 10 तारखेला, ‘बचपन बचाओ आंदोलन’च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मूल बेपत्ता असल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवायचा, आणि ते पळवलं गेलं असावं असं धरूनच तपास सुरू करायचा. तोवर अनेक ठिकाणी नुसती ‘मिसिंग’ची नोंद व्हायची. ‘येईल घरी, मैत्रिणीकडे बघा’ असं सांगून आईबापांना परत पाठवणं सोपं होतं. पहिल्या काही तासांची किंमत थरारपटाला पक्की ठाऊक असते. ठाण्याच्या वहीत ती लिहायला कोर्टाला सांगावं लागलं.

त्याच वर्षी जानेवारीत अंधेरीतून सात वर्षांची एक मुलगी शाळेत जाताना गायब झाली होती. डी. एन. नगर ठाण्याचे सहायक उपनिरीक्षक राजेंद्र भोसले यांच्याकडे 2008 ते 2015 या काळात 166 हरवलेल्या मुलींची प्रकरणं आली. 165 मिळाल्या, ही राहिली. वर्तमानपत्रांत ती ‘मुलगी क्रमांक 166’ झाली. भोसले 2015मध्ये निवृत्त झाले, तरी तिचा फोटो खिशात ठेवून विचारपूस करत राहिले. यावर थरारपट कोण काढणार? ठाण्यातल्या खेपा, झेरॉक्स, शेजाऱ्यांना पुन्हा तेच प्रश्न. घड्याळ नाहीच, कॅलेंडर.

ऑगस्ट 2022मध्ये ती सापडली. एका मूलबाळ नसलेल्या जोडप्याने तिला नेलं होतं, मध्ये काही काळ कर्नाटकात ठेवलं होतं. सापडली तेव्हा ती स्वतःच्या घरापासून पायी जाण्याच्या अंतरावर राहत होती आणि दुसऱ्यांची मुलं सांभाळत होती. तिथल्याच एका बाईने तिच्यासाठी मोबाइलवर शोधाशोध केली, तेव्हा हरवल्याचं जुनं पत्रक निघालं. त्यावरचे बाकीचे नंबर एव्हाना बंद पडले होते. एक लागला. शेजाऱ्याचा.